तराजू कोणाच्या हातात?

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या दुकानांतून एक दृश्य आता नवे राहिलेले नाही. ग्राहक मांडणीवरचा मिक्सरचा खोका उचलतो, त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांवर भ्रमणध्वनीचा डोळा रोखतो, पडद्यावर उमटलेली किंमत खोक्यावरच्या किमतीशी ताडून पाहतो आणि खोका होता तिथे ठेवून देतो. विक्रेत्याने तोवर चार मॉडेल काढून दाखविलेली असतात, भांडी बसवून दाखविलेली असतात, हमीची मुदत समजावून सांगितलेली असते. गिऱ्हाईक मात्र त्याच्या दुकानात उभे राहून दुसऱ्याच दुकानात खरेदी करीत असते. त्या दुसऱ्या दुकानाचा मालक ना त्या गावातला असतो, ना बऱ्याचदा या देशातला.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. तंत्रज्ञानाने ग्राहक अखेर राजा झाला म्हणून एक वर्ग टाळ्या पिटतो, तर छोट्या व्यापाऱ्याच्या पोटावर पाय आला म्हणून दुसरा वर्ग गळा काढतो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. स्वदेशी हा विषय ज्यांनी व्यासपीठावरील घोषणेपुरता न ठेवता आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळापर्यंत नेला, त्यांनी याहून वेगळा प्रश्न विचारायला हवा. हातातले हे नवे यंत्र नेमके काय तोलते, आणि ज्या तराजूत ते तोलले जाते तो तराजू कोणाचा आहे?

मुळात या रेघा काय सांगतात, येथूनच सुरुवात केली पाहिजे. कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकी संशोधकांना बारकोडच्या मूळ कल्पनेचे पेटंट १९५२ साली मिळाले. तारायंत्रातील मोर्सच्या टिंब-रेघांवरून वुडलँड यांना ही युक्ती सुचली होती. ती प्रत्यक्षात यायला पुढे दोन तपे जावी लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी च्युइंगगमच्या एका पाकिटावरचा बारकोड गल्ल्यावरच्या यंत्राने पहिल्यांदा वाचला. पाकिटाची किंमत होती ६७ सेंट. परंतु ती किंमत त्या रेघांत नव्हती. दुकानाच्या संगणकात होती. आजही तसेच आहे. आपल्याकडील नित्याच्या वस्तूंवर जो तेरा आकड्यांचा बारकोड असतो, त्यात वस्तूची किंमत नसते, वजन नसते, शुद्धाशुद्धतेचा दाखला नसतो. सुरुवातीचे आकडे नोंदणी करणाऱ्या संस्थेचे व कंपनीचे, नंतरचे त्या वस्तूचे आणि तेरावा आकडा हा आधीच्या बारा आकड्यांचा पडताळा. शाळेतल्या मुलाला हजेरीपटावर जसा क्रमांक असतो, तसाच हा वस्तूचा क्रमांक. क्रमांकावरून मुलगा हुशार की ढ हे कळत नाही.

मग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर किंमत येते कुठून? ती कोणाच्या तरी वहीतून येते. ती वही ज्याची, त्याला जे दाखवायचे तेच ग्राहकाला दिसते. अमेरिकेत २००९च्या सुमारास 'रेडलेझर' नावाचे असे एक ॲप लोकप्रिय झाले; वर्षभरातच, २०१० साली, 'ईबे' या महाजालावरील बलाढ्य बाजाराने ते विकत घेतले. भाव सांगणारा आणि माल विकणारा एकाच घरचा झाला. पुढचे पाऊल 'ॲमेझॉन'ने टाकले. २०११च्या डिसेंबरात, नाताळच्या ऐन हंगामात, या कंपनीने एक दिवसाची योजना जाहीर केली. ग्राहकाने कोणत्याही दुकानात जावे, आपले ॲप उघडून तिथल्या वस्तूचा भाव तपासावा आणि ती वस्तू ॲमेझॉनवरून घ्यावी. त्याला पाच टक्के, जास्तीत जास्त पाच डॉलर, सूट मिळेल. ग्राहक पाच डॉलरवर खूश झाला. कंपनीला मात्र गावोगावच्या दुकानांत कोणती वस्तू काय भावाने विकली जाते, याची खबर देणारे हेर मिळाले, आणि तेही बिनपगारी! आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. ऑलिम्पिया स्नो या महिला सिनेटरने तेव्हा या योजनेवर उघड टीका केली होती. मुक्त बाजारपेठेची पंढरी मानल्या गेलेल्या देशात ही टीका झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भारतात प्रश्नाचे रूप थोडे निराळे आहे, कारण आपल्याकडे छापील किंमत आहे. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत वेष्टनावर छापण्याची ही पद्धत युरोप-अमेरिकेतील ग्राहकाला ठाऊक नाही. तिचा हेतू ग्राहकाला फसवणुकीपासून वाचविण्याचा होता. काळाच्या ओघात तिचाच वापर फसवणुकीसाठी होऊ लागला. आधी भरमसाट किंमत छापायची आणि मग तीवर साठ टक्के सूट दाखवायची, हा खेळ आता महाजालावरील विक्रीत नित्याचा झाला आहे. ॲप तुलना करते ती बहुधा या फुगविलेल्या आकड्याशी. शिवाय एकच बारकोड असलेल्या मालाच्या जुन्या आणि नव्या खेपांवर वेगवेगळ्या किमती छापलेल्या असतात. म्हणूनच बिल करणारी मुलगी पाकीट उलटून 'कुठली एमआरपी आहे?' म्हणून पाहते. तिला जे डोळ्यांनी पाहावे लागते, ते यंत्राला रेघांवरून कसे कळणार?

दुसरी मेख वजनाची. पूर्वी बिस्किटे, चहा, साबण यांसारख्या वस्तू ठरावीक वजनांतच बांधण्याचे बंधन होते. ते उठले आणि त्याच्या जागी प्रति ग्रॅम वा प्रति किलो, प्रति मिलिलिटर वा प्रति लिटर अशी एकक किंमत छापण्याचा नियम आला. किंमत दहा रुपयेच ठेवायची आणि वजन हळूच उतरवायचे, या चलाखीवर हा चांगला उपाय आहे. पण किती घरांतून ती बारीक अक्षरांतली ओळ वाचली जाते? मापात पाप करणाऱ्या वाण्यावर विनोद करण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. कारखान्यातच बांधून येणारे पाप मात्र चकचकीत वेष्टनामुळे नजरेत येत नाही. आईने पूर्वी वाण्याच्या पारड्याकडे जशी नजर ठेवली, तशी सुनेने या ओळीवर ठेवली तर कोणत्याही ॲपपेक्षा अधिक पैसे वाचतील.

वाण्याच्या बाजूने बोलतानाही डोळे मिटून चालणार नाही. महिनाअखेर वहीवर मांडून माल देणारा, किडके धान्य मुकाट्याने बदलून देणारा, गणेशोत्सवाच्या वर्गणीत पुढे असणारा आणि टाळेबंदीच्या काळात दाराशी पिशवी ठेवून जाणारा किराणा दुकानदार हा समाजाचा एक आधार आहे, यात संशय नाही. परंतु थंड पेयावर 'कूलिंग चार्ज' म्हणून छापील किमतीच्या वर दोन रुपये घेणारा आणि पावती मागताच कपाळाला आठ्या घालणारा दुकानदारही आपल्याच पेठेत बसलेला असतो. 'स्वदेशी' या शब्दाची ढाल त्याला मिळता कामा नये. ग्राहकाने तुलना करावी, अवश्य करावी. मात्र दुकानदाराचा अर्धा तास, त्याची वीज आणि त्याचे ज्ञान वापरून झाल्यावर शंभर रुपयांसाठी ऑर्डर अन्यत्र देणे यात व्यवहार असला, तरी सौजन्य नाही. निदान 'एवढ्यात देता का?' असे विचारण्याची आपली जुनी रीत आहे, ती तरी पाळावी. पुष्कळदा तो देतो.

परदेशी मालकीच्या महाजाल-बाजारांचा प्रश्न मात्र केवळ सौजन्याचा नाही. थेट परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार अशा कंपन्यांना येथे केवळ बाजाराची जागा चालविता येते. स्वतःचा माल साठवून ग्राहकाला विकता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने हे नियम अधिक कडक केले आणि विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकण्यास मनाई केली. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. त्यातील फ्लिपकार्टची मालकी २०१८ सालीच अमेरिकेच्या वॉलमार्टकडे गेलेली आहे. ज्यांच्या सवलतींच्या मुळाशीच अशी शंका घेतली गेली, त्यांच्याच पडद्यावरचा भाव 'खरा भाव' मानून आपल्या पेठेतल्या दुकानदाराला चोर ठरविणे, हा कुठला न्याय?

आता, ज्या मुद्द्यासाठी हा सारा प्रपंच करावा लागला त्याकडे वळले पाहिजे. २०२० साली गलवान खोऱ्यात आपल्या वीस जवानांनी हौतात्म्य पत्करल्यानंतर चिनी मालावरील बहिष्काराची लाट देशभर उसळली. ती स्वाभाविक होती, योग्यही होती. त्या लाटेबरोबर भ्रमणध्वनीवरून एक संदेश घरोघर फिरला. बारकोडचे पहिले तीन आकडे ८९० असतील तर माल भारतात बनलेला, ६९० ते ६९९ असतील तर चीनमध्ये बनलेला. बारकोड वाचून 'देश' सांगण्याचा दावा करणारी ॲपही निघाली. हा संदेश आजही फिरतो आहे, आणि खेदाची बाब अशी की तो पुढे पाठविणाऱ्यांत स्वदेशीचे निष्ठावंत कार्यकर्तेच अधिक आहेत.

हा संदेश चुकीचा आहे. हे आकडे वस्तूचा जन्मदेश सांगत नाहीत. बारकोडचे क्रमांक देणारी जीएस-१ ही जागतिक संस्था आहे. तिच्या प्रत्येक देशातील शाखेला सुरुवातीचे आकडे नेमून दिलेले आहेत. ८९० हा आकडा भारतातील शाखेचा, जिची स्थापना १९९६ साली झाली. त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की ज्या कंपनीने क्रमांक घेतला तिने तो भारतातील शाखेकडून घेतला. माल कोठे बनला, कच्चा माल कोठून आला, नफा कोठे जातो, यांतील कशाचाही तो पुरावा नाही. खुद्द जीएस-१ या संस्थेनेही हे वारंवार स्पष्ट केले आहे.

हातच्या काकणाला आरसा कशाला? अमूलच्या लोण्यावर ८९० आहे. ते गुजरातेतील लक्षावधी दूध उत्पादकांच्या सहकाराचे फळ. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या साबणावरही ८९०च आहे; त्या कंपनीची सूत्रे लंडनच्या युनिलिव्हरकडे आहेत. दोन्ही वस्तू भारतात बनतात, दोन्ही ठिकाणी भारतीय हातांना काम मिळते. पण स्वदेशीच्या विचारात मालकीलाही स्थान असेल, तर या दोहोंतला फरक ते तीन आकडे सांगू शकत नाहीत. उद्या एखाद्या आयातदाराने चीनमधून खेळण्यांचे कंटेनर आणून भिवंडीच्या गोदामात स्वतःच्या नावाच्या खोक्यांत भरले, तर त्या खोक्यांवर तो खुशाल ८९० छापू शकतो. उलट सोलापूरचा टॉवेल जर्मनीतील एखाद्या दुकान-साखळीच्या नावाने बांधला गेला, तर त्यावर ४०० ते ४४० यांमधला जर्मन आकडा असेल, आणि आपला स्वदेशीभक्त सोलापूरच्या विणकराचा माल परदेशी म्हणून बाजूला सारील! चुकीच्या संदेशाने शत्रूचे नुकसान होत नाही. होते ते आपल्याच विश्वासार्हतेचे. शेजारच्या घरी ज्याने मोठ्या तळमळीने ८९०चा मंत्र सांगितला, त्याचा तो मंत्र खोटा निघाला की उद्या त्याच्या खऱ्या गोष्टीही कोणी मनावर घेत नाही.

१९०५च्या स्वदेशी आंदोलनात प्रश्न तुलनेने सोपा होता. मँचेस्टरच्या गिरणीचे कापड आपली खूण अंगावर मिरवीत येत असे. पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने परदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा काय जाळायचे याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता. त्याच काळात लोकमान्यांच्या पाठिंब्याने वाढलेल्या पैसा फंडाने तळेगावला काचेचा कारखाना उभा केला, कारण नुसत्या बहिष्काराने स्वदेशी उभी राहत नाही, हे त्या पिढीला कळत होते. आजचा दूरदर्शन संच घ्या. त्याचा पडदा एका देशाचा, चिप दुसऱ्याची, जुळणी नोएडातली आणि नाममुद्रा तिसऱ्याच देशाची. याला स्वदेशी म्हणावे की परदेशी, हा प्रश्न भावनेने सुटत नाही. त्याला मोजमाप लागते.

या बाबतीत कॅनडाकडे पाहण्याजोगे आहे. २०२५च्या प्रारंभी अमेरिकेने त्या शेजारी देशावर आयातशुल्काचा बडगा उगारला, तेव्हा तेथील सामान्य गृहिणीनेही अमेरिकी माल टाळण्याचा निर्धार केला. काही आठवड्यांतच 'मेपल स्कॅन', 'बाय बीव्हर' अशी ॲप तेथील तरुणांनी तयार केली. वस्तूचा बारकोड वा छायाचित्र घ्यावे, ती कितपत कॅनडाची आहे हे पाहावे. तेथेही पहिल्या आकड्यांचा गैरसमज आहेच. पण त्या तरुणांपाशी एक भक्कम आधार होता, तो म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली व्याख्या. 'कॅनडाचे उत्पादन' असे लिहायचे तर किमान ९८ टक्के खर्च त्या देशात झालेला असावा लागतो. 'कॅनडात निर्मित' म्हणायला ५१ टक्के पुरतात, पण परदेशी घटक असल्याचे सोबत नमूद करावे लागते. मोजमाप आधी ठरलेले होते, ॲप मागून आले. आपल्याकडे नेमके उलटे झाले, आणि येथेच घोडे पेंड खाते.

असे मोजमाप भारताला अपरिचित आहे असेही नाही. केंद्र सरकारने २०१७ साली काढलेल्या आणि २०२० साली सुधारलेल्या शासकीय खरेदीच्या आदेशात पुरवठादारांचे वर्ग पाडलेले आहेत. ज्या मालात ५० टक्के वा त्याहून अधिक मूल्य देशांतर्गत आहे तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० टक्के असेल तर दुसऱ्या वर्गाचा, त्याहून कमी असेल तर स्थानिक नव्हेच. सरकारी कार्यालयाने खुर्ची घ्यायची तर तिच्यातला स्वदेशीचा अंश पुरवठादाराने घोषित करावा लागतो. मग तीच खुर्ची शिक्षकाने आपल्या घरासाठी घेतली, तर त्याला तो अंश कळण्याचा अधिकार का नसावा? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि पंतप्रधानांनी स्वदेशीचा पुनरुच्चार केला. त्या आवाहनाला प्रतिसाद देऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाच्या हाती हा आकडा देणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते.

तोवर काय करावे, तर वेष्टन उलटून पाहावे. उत्पादक, वेष्टक अथवा आयातदार यांचे नाव व पत्ता आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव छापणे आपल्या कायद्याने सक्तीचे आहे. महाजालावरील विक्रेत्यांनाही २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनुसार मूळ देश दाखवावा लागतो. तो दाखविलेला नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. हे काम तीन आकडे पाहण्याइतके सोपे नाही. पण खरे आहे.

शासनाच्या हातातील काही तराजू आधीच चालू आहेत आणि त्यांची माहिती मात्र फारशी कोणी पुढे पाठवीत नाही, हे नवलच. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर आयएसआय चिन्हाचा परवाना खरा की खोटा आणि दागिन्यावरच्या हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक कोणाचा, हे क्षणात कळते. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' हे ॲप एकाच औषधाच्या निरनिराळ्या नाममुद्रांच्या किमती शेजारी-शेजारी मांडते. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या जन्मभर घेणाऱ्या वृद्धाला मिक्सरवरच्या सवलतीपेक्षा या तुलनेचे मोल कितीतरी अधिक. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या आणि अधिक खपाच्या तीनशे औषधांवर तर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे; त्यातून उत्पादक, खेपेचा क्रमांक आणि मुदत वाचता येते. भाजीच्या गाडीवर यूपीआयचा क्यूआर कोड टांगणाऱ्या या देशाला सार्वजनिक मालकीची अशी यंत्रणा उभारता येत नाही, असे कोण म्हणेल?

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा संगणक नव्हता. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदाही यायचा होता. घरे एकत्र यायची, घाऊक बाजारातून माल आणायची, वजन करून वाटून घ्यायची. मुंबई ग्राहक पंचायतीने पुढे याच मार्गाने मोठे काम केले. तुलना तेव्हाही होत होती, फक्त तराजू ग्राहकांच्या स्वतःच्या हातात होता. आज त्या परंपरेतील कार्यकर्त्यांसमोर एक नेमके काम आणि नेमकी मुदत आहे. २०२७च्या अखेरीपर्यंत जगभरच्या गल्ल्यांवरील यंत्रांनी रेघांच्या बारकोडबरोबर क्यूआर कोडसारखे चौकोनी संकेतही वाचावेत, असे उद्दिष्ट जीएस-१ने ठेवले आहे. रेघांपेक्षा या चौकोनात पुष्कळ अधिक माहिती मावते. तिथे काय असावे हे कंपन्यांच्या जाहिरात विभागाने ठरवायचे, की ग्राहकांनी? त्या चौकोनात मालकीचे मूळ, निर्मितीचे ठिकाण, देशांतर्गत मूल्याची टक्केवारी आणि एकक किंमत असलीच पाहिजे, ही मागणी आताच लावून धरायला हवी. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. २००९चा वैध मापन अधिनियम आहे, त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे २०११चे नियम आहेत. त्या नियमांत दुरुस्ती करणारी एक अधिसूचना ग्राहक व्यवहार मंत्रालयाला काढता येते.